एक्झी तयार झाली, पण चालली का?

लिनक्सवर बसून विंडोजचे प्रोग्राम कसे बांधायचे, यावरच्या लेखातलं 'लिनक्सवर मिंगडब्ल्यू टाका, कॉन्फिगरला होस्ट सांगा, विंडोजची एक्झी तयार' हे वाक्य अर्धंच खरं आहे. (मिंगडब्ल्यू म्हणजे विंडोजसाठी प्रोग्राम बांधणारा कंपायलर, कॉन्फिगर ही बांधणीची तयारी करणारी स्क्रिप्ट, होस्ट म्हणजे प्रोग्राम ज्या प्रणालीवर चालणार ती, आणि एक्झी म्हणजे विंडोजवर थेट चालणारी फाइल.) ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपसाठी मी एक ओपन सोर्स सी प्लस प्लस प्रोग्राम असाच उबुंटू या लिनक्सवर बांधला. माझ्याकडे एकही एरर नाही. वर्कशॉपच्या विंडोज संगणकावर डबल क्लिक केलं आणि 'लिबविनपीथ्रेड-१.डीएलएल सापडत नाही' ही चौकट समोर! मालक शेजारीच उभे.

घरी येऊन ऑब्जडंपने (फाइलच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या साधनाने) एक्झी तपासली, तर कंपायलरच्याच तीन डीएलएल, म्हणजे प्रोग्राम चालताना लागणाऱ्या वेगळ्या लायब्ररी फाइल्स, तिला लागत होत्या. त्या सोबत द्याव्या लागतात, नाहीतर लिंक करतानाच (प्रोग्रामचे भाग जोडून एक्झी बनवतानाच) 'स्टॅटिक' हा पर्याय द्यायचा, म्हणजे त्या लायब्ररी एक्झीतच येतात. नवख्यांसाठीच्या लेखात एवढं तरी हवंच होतं. कृपया लेखात भर घाला.