‘कुठलाही पीओई स्विच, कुठलीही लॅन वायर’: असं चालत नाही

पीओई म्हणजे लॅन वायरमधूनच उपकरणाला वीज देणं. त्याबद्दल सीसीटीव्ही आणि वायफाय बसवणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरतोय: ‘कॅमेऱ्याला वेगळी वीज कशाला? कुठलाही पीओई स्विच घ्या, कुठलीही लॅन वायर २५० मीटरपर्यंत ओढा, आठ पोर्टवर आठ उपकरणं चालवा. गुंता संपला.’ गुंता कमी होतो, हे खरं. बाकीचं तपासून घ्यावं लागतं.

‘कुठलाही स्विच.’ ८०२.३एएफ, एटी किंवा बीटी या पीओईच्या ठरलेल्या प्रमाणांचा स्विच आधी अगदी कमी व्होल्टेज देऊन समोरच्या उपकरणात सुमारे २५ किलोओहम रोधाची खूण आहे का ते बघतो. ती सापडली तरच ४८ व्होल्टच्या आसपास वीज सोडतो, त्यामुळे चुकून लॅपटॉप लावला तरी बिघडत नाही. ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर, म्हणजे लॅन वायरमध्ये वीज घालणारी साधी डबी, असलं काही विचारत नाही. तो २४ किंवा ४८ व्होल्ट सरळ सोडतो आणि भलत्या उपकरणाचा पोर्ट जळू शकतो. उलट २४ व्होल्टचं पॅसिव्ह उपकरण प्रमाणित स्विचवर सुरूच होत नाही, मग ते बिचारं ‘डेड’ म्हणून दुकानात परत जातं.

‘पीओई केबल’ म्हणून विकली जाणारी स्प्लिटरची स्वस्त जोडी तर ॲडॉप्टरचे १२ व्होल्ट लॅन वायरमधल्या आठपैकी ४-५ आणि ७-८ या तारांवर चढवते, एवढंच. ५० मीटर २४ गेज तांब्याचा जाऊन-येऊन रोध साधारण ४.७ ओहम. रात्री आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड) दिवे लागून कॅमेरा अर्धा अँपियर ओढू लागला की २.३ व्होल्ट वाटेतच जातात आणि कॅमेऱ्यापर्यंत जेमतेम ९.७ पोहोचतात. दिवसा नीट चालणारा कॅमेरा अंधार पडताच रीस्टार्ट होत राहतो तो यामुळे. तेच ६ वॅट ४८ व्होल्टवर नेले तर घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहते.

‘कुठलीही वायर.’ स्वस्त कॅट-६ पुष्कळदा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. रोध सुमारे दीडपट, तार ठिसूळ. ब्लेडने खरवडली की आत पांढरी दिसते. ओढून झालेली वायर तपासायची तर एका टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा जोडा आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. १०० मीटरला १९ ओहमच्या बरंच वर आकडा आला, तर सीसीए तरी आहे किंवा क्रिंपिंग (टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) तरी कच्चं.

‘२५० मीटर.’ मर्यादा १०० मीटरची आहे, दोन्ही टोकांच्या छोट्या जोडवायरी (पॅच कॉर्ड) धरून. स्विचवरचं लांब अंतरासाठीचं ‘एक्स्टेंड’ बटण दाबलं की पोर्टचा वेग बहुधा १० एमबीपीएसवर येतो. एका कॅमेऱ्याला तो पुरेल, वायफाय ॲक्सेस पॉइंटला नाही. दोन इमारतींमध्ये तर फायबरच टाका, विजेच्या झटक्यांची भीती जाते.

‘आठ पोर्टवर आठ.’ प्रत्येक पोर्टवर ३० वॅट लिहिलेलं असतं, पण ६५ वॅटचं एकूण बजेट डेटाशीटमध्ये कोपऱ्यात असतं. समजा सहा कॅमेरे रात्री ७ वॅटचे आणि दोन ॲक्सेस पॉइंट १३ वॅटचे: ४२ अधिक २६, म्हणजे ६८. दिवसा सगळं चालेल, रात्री स्विच एखादा पोर्ट बंद करेल. बेरीज रात्रीच्या आकड्यांनी करा. थोडी मोकळीक धरून इथे किमान ८५ वॅट बजेटचा स्विच हवा.

पीओईचा खरा फायदा त्या मजकुरात आलेलाच नाही: स्विच, राउटर आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) एका यूपीएसवर ठेवले की वीज गेली तरी सगळे कॅमेरे चालू राहतात.