अडॅप्टर लावला म्हणून लेन्स बिघडत नाही

फोटोग्राफीच्या ग्रुपांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: "दुसऱ्या कंपनीची जुनी मॅन्युअल लेन्स अडॅप्टरने लावू नका. शार्पनेस जातो, मीटर बंद पडतं, फोकस जमत नाही, बॉडीही खराब होते." हे वाचून लोक उत्तम लेन्स मातीमोल भावात विकून टाकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

शार्पनेस. निकॉनच्या एफ माउंटपासून (माउंट म्हणजे लेन्स जिथे बसते ती कडी) सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, सोनीच्या ई माउंटपासून १८ मिमी. मधले २८.५ मिमी भरून काढणारी पोकळी नळी म्हणजे अडॅप्टर. आत काचच नाही, तर शार्पनेस जाणार कुठे? कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४ मिमी, तिथे अडीच मिलिमीटरची चकती पुरते. गणित फसतं ते एम४२ (आटे फिरवून बसवायची जुनी) लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर लावताना. ती मिलिमीटरभर जास्त लांब राहते आणि दूरचा फोकस मिळत नाही. तो मिळवण्यासाठी अडॅप्टरमध्ये भिंग घालतात आणि स्वस्तातलं भिंग चित्र मऊ करतं. तक्रार खरी आहे, पण ती अशा जोडीपुरती.

मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं पात्यांचं छिद्र; कॅमेऱ्यावर ॲपर्चर प्रायॉरिटी मोड लावा, लेन्सवरची रिंग फिरवून ते लहानमोठं करा. आत येईल तेवढ्या उजेडावर कॅमेरा शटरचा वेग ठरवतो. गंमत अशी की निकॉनच्याच डी५३०० वर जुनी एआय (निकॉनचीच मॅन्युअल फोकसची) लेन्स लावली तर मीटर चालत नाही, तीच लेन्स कॅननवर लावली की चालतं!

आता फोकस, आणि इथे मला थोडं थांबायचंय. २८ मिमी एफ/३.५ पीसी-निक्कोर ही इमारतींसाठीची शिफ्ट लेन्स घ्या. कॅमेरा वर झुकवला की भिंती आत कलतात. या लेन्सने कॅमेरा सरळच ठेवायचा आणि बाजूची खुंटी फिरवून काच ११ मिमीपर्यंत वर सरकवायची. कळस फ्रेममध्ये येतो, भिंती उभ्याच राहतात. हिला निकॉनवरही ऑटोफोकस नव्हता. ॲपर्चरसुद्धा एका रिंगवर ठरवायचं आणि दुसरी फिरवून पाती मिटवायची. मग परक्या बॉडीवर गमावलं काय? उलट मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) चित्र मोठं करून कोपऱ्यातली एकेक वीट तपासता येते, पीकिंग या सोयीने फोकसमधल्या कडा रंगून दिसतात. ट्रायपॉडवरच्या कामाला याहून चांगली सोय नाही.

बॉडी खराब होते म्हणे! साध्या अडॅप्टरला विजेचे संपर्कच नसतात. शटर उडालं नाही तर मेनूत 'लेन्सशिवाय रिलीज' चालू करा. जड लेन्स असेल तर हात लेन्सखाली धरा. पूर्ण फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर मात्र काही लेन्सचा मागचा भाग आरशाला घासतो, तेवढं आधी बघून घ्या.

खरी अडचण वेगळीच आहे. कॅननची एमपी-ई ६५ मिमी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) किंवा टीएस-ई शिफ्ट लेन्स मॅन्युअल फोकसच्या असल्या तरी त्यांचं ॲपर्चर विजेवर चालतं. साध्या नळीवर ते बदलताच येत नाही. त्यांना इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर लागतो आणि तो महाग पडतो. म्हणून विकत घेण्याआधी लेन्सवर ॲपर्चरची रिंग आहे का आणि ती फिरवल्यावर पाती हलतात का, हे दुकानातच पाहा.