डावखुऱ्या मुलाची वही फिरवा, हात बदलू नका

मूल डाव्या हातात पेन्सिल धरतं म्हणून त्याला दटावणं कृपा करून थांबवा. दहांतलं साधारण एक माणूस डावखुरं असतं. आपल्या ताटात भाजी-आमटी उजवीकडे, मीठ-चटणी डावीकडे. भाषेतही ‘डावं’ म्हणजे कमी प्रतीचं. तीच नजर वहीवर जाते.

‘अक्षर चांगलं येत नाही’ ही तक्रार खरी असते, पण दोष हाताचा नाही. उजव्या हाताचं मूल शेजारच्याचं बघून शिकतं, डावखुऱ्याला बघायला कुणी नसतं. उजव्या हाताने पेन ओढलं जातं, डाव्याने ते ढकलावं लागतं आणि लिहिलेलं हाताखाली झाकतं. ते दिसावं म्हणून मूल मनगट आकड्यासारखं वळवून ओळीच्या वरून लिहू लागतं. देवनागरीत हे फार नडतं, कारण शिरोरेघ जिथे द्यायची नेमकी तीच जागा पंजाखाली जाते.

वही छातीच्या मध्यापासून थोडी डावीकडे सरकवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ३०-४० अंश वळवा. वहीचा खालचा उजवा कोपरा पोटाकडे यायला हवा. पेन्सिल टोकापासून ३ सेंटिमीटरवर धरायला लावा, म्हणजे अक्षर बोटांआड जात नाही. मनगट सरळ, ओळीच्या खाली. शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढली तर ओढू द्या. जेल पेन फासतं, बॉलपेन द्या. आणि शिक्षकांनो, बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा, नाहीतर दोघांची कोपरं दिवसभर एकमेकांना लागतात.

कात्रीचं मात्र वळण लावून भागत नाही. साध्या कात्रीचं वरचं पातं उजवीकडे असतं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं नकळत जो तिरपा जोर देतात, त्याने पाती एकमेकांना घासून चालतात. डाव्या हातात तोच जोर पाती फाकवतो, मग कागद कापला न जाता फटीत दुमडतो. शिवाय आखलेली रेघ वरच्या पात्यामागे लपते. कात्री उलटी धरूनही उपयोग नाही, वर येणारं पातं पुन्हा उजवीकडचंच. ‘दोन्ही हातांना चालते’ म्हणून मिळते तिच्या बहुतेक वेळा नुसत्या मुठी सारख्या असतात, पाती तीच. विकत घेताना टोकं समोर करून धरा, पाती उघडा आणि वरचं पातं डावीकडे असेल तरच घ्या.