उभ्या गाडीलाही धार असते

ग्राइंडर हातात घेतला की "चकतीवरचा गार्ड कुठाय?" म्हणून ओरडणारा एक तरी मिस्त्री कामावर असतो. त्याच मिस्त्रीच्या टेम्पोत वेल्डिंग मशीन, पाइप, पान्यांची पेटी नुसती टाकलेली. एक दोरी बांधलेली नसते. का, तर गाडी फक्त कामावर पोचायला, काम पोचल्यावर सुरू होणार! आपल्याकडचं सगळ्यात जड यंत्र हेच, पण त्याला यंत्र मानायला कोणी तयार नाही.

साधा हिशेब बघा. ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तरी मागची 20 किलोची सुटी पेटी त्याच वेगाने पुढे येत राहते. तिला तेवढ्याच अंतरात थांबवायला सुमारे 400 किलो वजनाइतका जोर लागतो. मध्ये जाळी नसेल तर तो जोर सीटने आणि तुमच्या पाठीने सोसायचा.

आणि गाडी चालूच असायला हवी असंही नाही. हौद्यातून उडी मारताना बोटातली अंगठी फाळक्याच्या कडीत अडकली, तर अख्ख्या शरीराचं वजन त्या एका बोटावर येतं. कातडी मोज्यासारखी सोलून निघते, कधी बोटच जातं. अंगठी खिशात ठेवायची आणि गाडीकडे तोंड करून, धरून उतरायचं. दहा सेकंदही लागत नाहीत. रिव्हर्सला तर "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा हेल्पर नेमका गाडीच्या मागे उभा असतो, जिथे आरशात काहीच दिसत नाही. ड्रायव्हरने एकच नियम पाळावा: हेल्पर दिसेनासा झाला की ब्रेक.

गॅस वेल्डिंगवाल्यांनो, ॲसिटिलीनची टाकी बंद व्हॅनमध्ये रात्रभर ठेवू नका. हवेत अडीच टक्के गॅस साचला तरी भडका उडू शकतो, आणि सकाळी दिव्याच्या बटणाची ठिणगी त्याला पुरते.

हे सगळं कारागिराला कळत नाही असं नाही. पण दिवसात तीन साइट उरकायच्या, मधल्या प्रवासाचे पैसे नाहीत, मग मालाला पट्टे बांधायला थांबणार कोण? वर वाटेत काही झालं की तो "रस्त्यावरचा अपघात", कामाशी संबंध नाही म्हणून ठेकेदार मोकळा. माल त्याचा, घाई त्याची, आणि मोडलेला पाय तेवढा आपला?

मी आता दर सांगतानाच जाळी-पट्ट्यांचा खर्च आणि माल चढवण्या-उतरवण्याचा वेळ धरून सांगतो. काही जण तोंड वाकडं करतात. काही जण देतात.