१९७१ : ‘निव्वळ माणुसकी’च्या गोष्टीत काय गाळलं जातं

१६ डिसेंबर, म्हणजे १९७१ च्या युद्धातल्या विजयाचा दिवस, जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो. ‘भारताने १९७१ साली कसलाही स्वार्थ न ठेवता, केवळ माणुसकीपोटी बांगलादेश सोडवला. साऱ्या जगाने पाठ थोपटली. आजही जिथे अत्याचार होतील तिथे असंच सैन्य घुसवावं.’

आधी स्वार्थाचं बघू. आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल सुरू केली २५ मार्चच्या रात्री, उघड युद्ध पेटलं ३ डिसेंबरला. मधल्या काळात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये लोकांनी गटारासाठी आणलेल्या सिमेंटच्या पाइपांत संसार मांडले होते, छावण्यांत कॉलरा होता. दिल्ली मात्र पावसाळा सरण्याची आणि चीनला पाकिस्तानच्या मदतीला येता येऊ नये म्हणून त्याच्याकडच्या खिंडी बर्फाने बंद होण्याची वाट बघत होती; ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करारही करून ठेवला. निव्वळ माणुसकी अशी हवामान बघून निघत नाही. पाकिस्तान दुभंगला तर आपलं भलंच, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून वाचलेल्या जिवांचं मोल कमी होत नाही, एवढंच.

(‘पाकिस्तानने आधी हल्ला केला म्हणून आपण उतरलो’ हेही अर्धंच खरं. गरीबपूरची लढाई पूर्व पाकिस्तानच्या हद्दीत झाली, तीही नोव्हेंबरात.)

जगाने पाठ थोपटली, हे तर साफ खोटं. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. त्या अकरांत भारत, भूतान, क्यूबा, मंगोलिया आणि सोव्हिएत गोटातली मंडळी. अलिप्ततावादी चळवळीतले आपले जुने सोबती युगोस्लाव्हिया आणि इजिप्तही समोरच्या बाजूला. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाचा नकाराधिकार नसता तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

आता ‘असंच सगळीकडे करावं’. १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीब यांच्या अवामी लीग पक्षाने पूर्व पाकिस्तानातल्या दोन सोडून सगळ्या जागा जिंकल्या होत्या. एप्रिलमध्ये मुजीबनगरला त्यांच्या सरकारने शपथ घेतली, मुक्तिबाहिनी ही बंगाली लढवय्यांची फौज आपल्या सैन्याच्या आधीपासून लढत होती. म्हणजे सत्ता कुणाच्या हाती द्यायची हा प्रश्नच नव्हता, आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य परतूही शकलं. लिबियात २०११ साली यातलं काय होतं? नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीच्या विमानांनी हुकूमशहा गद्दाफीचा पाडाव सोपा केला, आणि तीन वर्षांत देशात दोन सरकारं एकमेकांसमोर उभी राहिली. सुरक्षा परिषदेच्या ज्या ठरावाच्या आधारे ती विमानं उडाली, त्यावर मतदान करताना भारत तटस्थ होता. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना हे बहुधा आवडणार नाही.