दाजींनी आणलेला ऑइलचा डबा

रविवारी संध्याकाळी सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच दाजींनी पिशवीतून ऑइलचा डबा काढून मध्ये ठेवला. साडेतीन लिटरचा, १०डब्ल्यू-४० ग्रेडचा; ग्रेड म्हणजे ऑइल किती जाड ते सांगणारे आकडे. त्यांच्या गाडीला वर्ष होत आलंय. एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे आणि पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंग. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी माफ असली तरी ऑइल-फिल्टरचे पैसे पडतातच, म्हणून दाजींनी ऑइल बाहेरून आणलं होतं. गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलंय हे त्यांना ठाऊक होतं.

"पण ते पाण्यासारखं असतं हो," दाजी म्हणाले. "सोलापूरचा मे महिना, त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री. त्यात ते काय टिकणार?"

अण्णांनी लगेच मान डोलावली. अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. इंजिनाच्या आवाजावरून कुठला सिलिंडर मार खातोय हे ते सांगतात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. "ऑइल बोटावर घेतलं की अंग असायला पाहिजे त्याला," ते म्हणाले. "हे शून्य-बिन्य थंड मुलखातलं. आपल्याला पंधरा-चाळीस. लाखो किलोमीटर गाड्या चालवल्यात आम्ही त्यावर."

मला राहवलं नाही. शून्य थंड मुलखातलं, हा समज गावोगावी पसरलाय आणि त्यापायी चांगल्या इंजिनांचं नुकसान होतं. म्हटलं, अण्णा, पहिला आकडा थंडीचा हे बरोबर. डब्ल्यू म्हणजे विंटरच. ०डब्ल्यूची चाचणी उणे पस्तीस अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे पंचवीसवर. सोलापुरात तेवढी थंडी कधी पडायची नाही. पण इंजिनाची थंडी वेगळी असते. चालू इंजिनात ऑइल शंभर अंशांच्या आसपास असतं आणि त्याच्या जाडीचा हिशेब तिथला धरलेला असतो, दुसरा आकडा तोच. मे महिन्यात दुपारी चाळीस अंशांत उभ्या गाडीला चावी मारली, तरी ते ०डब्ल्यू-२० त्या हिशेबापेक्षा पाचेक पट जाड असतं. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीनं ती थंडीच. आणि दाजींच्या डब्यातलं त्याच वेळी आणखी दुप्पट जाड.

"आणि बाहेरचं ऊन?" दाजींनी विचारलं.

त्याचं उत्तर वस्तादनं दिलं. अक्कलकोट रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. "थर्मोस्टॅट कशाला असतो दाजी? बाहेर पंधरा असो की पंचेचाळीस, कूलंट नव्वदच्या आसपासच ठेवायचं त्याचं काम. रेडिएटर आणि पंखा धड असला तर ऑइलला बाहेरच्या उन्हाचा फारसा पत्ता लागत नाही."

अण्णांचा पुढचा मुद्दा प्रेशरचा होता. जाड ऑइलनं प्रेशर चांगलं लागतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण काट्यावर दिसतं ते प्रेशर, आत किती ऑइल फिरतंय ते नव्हे. ऑइल फार जाड असलं की पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि त्यातलं बरंच ऑइल बेअरिंगपर्यंत न जाता परत खाली चेंबरमध्ये येतं. काटा छान दिसतो आणि कॅमशाफ्ट, म्हणजे वरचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ऑइलची वाट बघत बसतो. जुन्या बसच्या इंजिनात फटी मोठ्या, तिथं जाड ऑइल हवंच होतं. आताच्या इंजिनात बेअरिंगच्या फटी बारीक, आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते मागे-पुढे करायची यंत्रणासुद्धा ऑइलच्याच दाबावर, बोटभरही नसलेल्या झडपेतून चालते.

वस्तादनं त्याच्याकडं आलेल्या एका पेट्रोल गाडीची गोष्ट सांगितली. गाडी तीन वर्षांची. सकाळी चालू केली की चार-पाच सेकंद खडखड, मग शांत. चेक इंजिनचा दिवा लागलेला, स्कॅनरवर कॅमच्या टायमिंगचा कोड. आधीच्या ठिकाणी सेन्सर बदलून झाला होता. यानं ऑइल काढलं तर २०डब्ल्यू-५०. "ती झडप साफ केली, पुस्तकातलं ऑइल भरलं, दुसऱ्या दिवशी खडखड गेली. मालकाचे सेन्सरचे पैसे मात्र गेलेच की बे."

इथवर मला वाटत होतं की वाद संपला. पण अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सगळ्यात नेमका प्रश्न काढला. "मला एक सांग लेका. हीच इंजिनं दुसऱ्या देशात विकतात, तिथल्या पुस्तकात पाच-तीसपण लिहितात, असं माझा पोरगा म्हणतो. मग इथं पातळच का? इंजिनासाठी, का मायलेजचा आकडा दाखवायसाठी?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. पातळ ऑइलचा आग्रह बऱ्याच अंशी इंधन वाचवण्यासाठीच आहे. कंपनीनं वर्षभरात विकलेल्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड किती असावा यावर २०१७ पासून आपल्याकडं मर्यादा आहे. आधी ती किलोमीटरला १३० ग्रॅम होती, २०२२ पासून ११३ झाली. ऑइल घुसळण्यात जाणारी थोडी ताकद वाचली तरी कंपनीला ती हवी असते. पण म्हणून इंजिन वाऱ्यावर सोडलेलं नसतं. ऑइल दीडशे अंशांवर, बेअरिंगमध्ये चिरडलं जातं तसं चिरडून त्याची जाडी मोजतात. तिथं २० ग्रेडला किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद (हे जाडीचं माप) भरावे लागतात, ३० ला २.९. 'पाण्यासारखं' वीस आणि अण्णांनी विचारलेलं तीस यांच्या किमान मर्यादांतलं अंतर एवढंच, नवव्या हिश्श्याइतकं. आणि २.६ धरूनच ते बेअरिंग आखलेलं असतं.

तरी अण्णांची बाजू मी पुरती सोडत नाही. पुस्तकात दोन ग्रेड दिल्या असतील, ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३०, तर पाच माणसं नि सामान भरून वरचेवर घाट चढणाऱ्यानं जाड घ्यावं, मीही घेईन. एकच दिली असेल तर तीच. वॉरंटी चालू असताना तर दुसरा विचारच नको.

दाजींनी डबा हातात घेऊन फिरवला. मी त्यांना ग्रेडच्या खालची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. तिथं एपीआय एसएन होतं, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं ठरवलेला ऑइलचा दर्जा. मला आकड्यापेक्षा याचीच जास्त काळजी वाटली. टर्बो पेट्रोल इंजिनात वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर जोरात पॅडल दाबलं की कधी कधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. सिलिंडरमध्ये शिरलेले ऑइलचे थेंब त्याला कारण ठरतात आणि ऑइलमध्ये कॅल्शियमचं डिटर्जंट जास्त असलं तर धोका वाढतो. अशा एका ठोक्यानं पिस्टन फुटू शकतो. मे २०२० मध्ये आलेल्या एसपी दर्जात याची चाचणी आहे, साध्या एसएनमध्ये नाही. डब्यावर एसपी किंवा त्यानंतरचं एसक्यू हवं.

"म्हणजे हा डबा दोन्हीकडून चुकला," दाजी म्हणाले.

मास्तर इतका वेळ गप्प होते. त्यांची गाडी डिझेल, बीएस-सहा, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, सायलेन्सरला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, असलेली. घर ते शाळा तीन किलोमीटर, येता-जाता तेवढीच धावते. ते म्हणाले, "माझं उलटंच चाललंय. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतंय. गाडी ऑइल खात नाही म्हणून मी खूश होतो."

वस्तादनं कपाळाला हात लावला. डीपीएफमधली काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. गाडी मधेच बंद झाली की काजळी अर्धवट जळते, आणि असं वरचेवर झालं की सिलिंडरच्या भिंतीवरून उतरलेलं डिझेल खालच्या ऑइलमध्ये साठत जातं. ऑइल वाढतं आणि पातळ होतं. मास्तरांनी ते लगेच बदलायला हवं, आणि आठवड्यातून एकदा गाडी मोहोळपर्यंत तरी नेऊन आणायला हवी, अर्धा तास न थांबता.

"मग माझ्याकडं पंधरा-चाळीसचा डबा पडलाय, तो घ्या तात्पुरता," अण्णा म्हणाले. मी जवळजवळ ओरडलोच. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमधल्या धातूंच्या रसायनांची राख डीपीएफमध्ये बसली की कायमची. म्हणून या गाड्यांना एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) दर्जाची सी२, सी३ अशी कमी राखेची ऑइलं लागतात, ०.८ टक्क्यांच्या वर राख नसलेली. ट्रकच्या जुन्या ऑइलांत ती बहुधा एक टक्क्याच्या पुढं असते. डीपीएफ बदलायचा खर्च मास्तरांच्या पगाराला झेपणारा नाही.

अण्णा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग उठले, दाजींना बॉनेट उघडायला लावलं आणि मोबाइलच्या उजेडात ऑइल भरायच्या झाकणावर वाकले. झाकणावरच उठावाच्या अक्षरांत ०डब्ल्यू-२० लिहिलेलं होतं. त्यांनी डिपस्टिक काढली, ऑइल दोन बोटांत चोळलं, वास घेतला, पुसून परत घातली.

"खालची ती ओळ काय सांगितलीस? एसपी?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

"दाजी, पावती आहे ना? दुकान नऊपर्यंत उघडं असतं. चला, मी येतो. झाकणाचं सील मी बघतो, नकली माल फार येतोय." डबा काखेत धरून अण्णा गाडीत बसलेसुद्धा.