लडलोच्या वाक्याचा गाळलेला अर्धा भाग

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आयर्लंडमधल्या मराठी गटांत एक फॉरवर्ड हमखास फिरतो. यंदाही आला. त्याचा मजकूर असा: क्लेअर काउंटीत बघण्यासारखं एकच, मोहरचे कडे. डब्लिनहून सकाळची बस धरा, रात्री घरी. शेजारचं बरेन म्हणजे उजाड खडक. क्रॉमवेलचा सेनानीच सांगून गेलाय की तिथे माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. जे काही हिरवं होतं ते गुरांनी चरून संपवलं. फार तर पोलनाब्रोनला दहा मिनिटं थांबा आणि ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित) जिथे बळी देत त्या दगडी वेदीचा फोटो काढा.

मी बरेनला अनेकदा जाऊन आलो आहे. या मजकुरामुळे लोक तिथे न थांबता पुढे निघून जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी ते वाक्य. ते एडमंड लडलोचं आहे, इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजेने आयर्लंडवर काढलेल्या मोहिमेतलं, १६५१ सालचं. पण तो तिथे थांबत नाही. लगेच पुढे म्हणतो की तरीही इथली गुरं चांगली धष्टपुष्ट आहेत, कारण खडकांच्या मधल्या दोन-तीन फुटांच्या मातीच्या तुकड्यांवर उगवणारं गवत गोड आणि पौष्टिक आहे. शत्रूच्या मुलखात फौज घेऊन आलेल्या माणसालाही जे दिसलं, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी कापून टाकलं. त्याच्याही साडेचारशे वर्षं आधी सिस्टर्शियन साधूंनी बरेनच्या उत्तरेला कॉर्कम्रोचा मठ बांधला, तेव्हा त्याला लॅटिनमध्ये नाव दिलं ‘सुपीक खडकाची माता मेरी’. जिथे राहायचं, पिकवायचं आणि खायचं, त्या जागेला उगाच कोणी सुपीक म्हणत नाही.

पाणी नाही, हेही खरं नाही. पाऊस भरपूर पडतो, फक्त तो वर थांबत नाही. आपल्या डोळ्यांना सवय आहे काळ्या बसाल्टची. आपल्याकडे ओढे जमिनीवरून वाहतात. बरेनचा दगड चुनखडीचा, तेहतीस-चौतीस कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. पावसाचं पाणी किंचित आम्लयुक्त असतं, ते हा दगड विरघळवत जातं आणि फटींतून खाली उतरतं. खाली गुहा आहेत, वाहत्या नद्या आहेत. डूलिनजवळच्या गुहेत ७ मीटरहून लांब एकच लवणस्तंभ छताला लटकलेला आहे. पाऊस वाढला की हेच पाणी जमिनीतून वर येऊन कुरणांची तळी करतं आणि ओसरलं की तिथे पुन्हा गुरं चरतात. या तळ्यांना तिथे टर्लॉक म्हणतात.

आता माती आणि झाडं. खडकाच्या लाद्यांमधल्या उभ्या भेगांना तिथे ‘ग्राइक’ म्हणतात. वरून बघितलं तर नुसत्या काळ्या रेघा. मे महिन्यात बरेनमधल्या मलॅकमोर टेकडीच्या उतारावर गुडघे टेकून मी अशा एका भेगेत हात घातला. वर वारा बोचत होता आणि आत कोपरापर्यंत दमट, शांत हवा. जिभेसारख्या लांब पानांचं नेचं बोटांना लागलं. कडेला चिमटीभर मातीत स्प्रिंग जेन्शियन फुललं होतं, इतकं गडद निळं की फोटोत तो रंग येतच नाही. शेजारी माउंटन एव्हन्सची पांढरी फुलं. ही झाडं आल्प्सची आणि ध्रुवाकडच्या थंड प्रदेशांची. त्यांच्याच शेजारी भूमध्य समुद्राकडचं एक ऑर्किड इथे उगवतं, तेही जवळजवळ समुद्रसपाटीला. आयर्लंडच्या जमिनीचा जेमतेम एक टक्का असलेल्या या भागात देशातल्या मूळ वनस्पतींपैकी सुमारे ७० टक्के जाती सापडतात.

आणि ही फुलं टिकली आहेत ती गुरांमुळे. फॉरवर्डमधला सगळ्यात अन्यायाचा मुद्दा हाच आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या जंगलतोडीने आणि चराईने इथली माती झिजली, हे खरं. पण आजचं बरेन चराईवरच जगतं. एरवी डोंगराळ मुलखात गुरं उन्हाळ्यात वर नेतात आणि थंडीत खाली आणतात. बरेनमध्ये उलटं. इथे ऑक्टोबरच्या सुमारास ती वर चढवतात, आणि या प्रथेला म्हणतात विंटरेज. उन्हाळ्यात वरचे झरे आटतात, हिवाळ्यात वाहतात. चुनखडी उन्हाची ऊब धरून ठेवते आणि पाणी झिरपून जात असल्याने गुरांना बसायला कोरडी जागा मिळते. गाई थंडीभर वाळकं, राठ गवत खाऊन साफ करतात आणि वसंतात, फुलं डोकं वर काढायच्या आत, खाली येतात. जिथे ही चराई बंद पडली तिथे मेलेल्या गवताचा थर साचला, हेझलची झुडपं माजली आणि फुलं गुदमरली. म्हणून २००५ पासून शेतकरी आणि शास्त्रज्ञांनी मिळून योजना आखली. पुढे तिच्यात प्रत्येक कुरणाला १० पैकी गुण द्यायला सुरुवात झाली. कुरण जितकं निरोगी, तितके शेतकऱ्याच्या हातात पैसे जास्त. ज्यांच्या राबण्यावर हे निसर्गवैभव उभं आहे, त्यांनाच त्याचा वैरी ठरवू नका.

पोलनाब्रोन ही वेदी नाही, थडगं आहे. वरची सपाट शिळा म्हणजे दफनाच्या खोलीचं छप्पर. १९८६ आणि १९८८ मध्ये अ‍ॅन लिंच यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा तिसाहून अधिक माणसांचे अवशेष मिळाले, बाया, पुरुष आणि मुलं सगळ्यांचे. काळ इसवी सनापूर्वी ३८०० ते ३२००. ड्रुइड त्यानंतर दोन-तीन हजार वर्षांनी आले. एका कंबरेच्या हाडात दगडी अस्त्राचं टोक रुतलेलं होतं, म्हणजे हिंसा होती. पण मानेच्या आणि खांद्याच्या सांध्यांची झीज सांगते की ही ओझी वाहणारी, कष्टकरी माणसं होती. २०२० मध्ये त्यातल्या एका तान्ह्या मुलाच्या डीएनएत डाउन सिंड्रोम आढळला. साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं ते बाळ. त्याच्या हाडांच्या रासायनिक तपासणीतून दिसलं की त्याला अंगावरचं दूध मिळत होतं, आणि गेल्यावर त्याला इतरांबरोबर याच मानाच्या जागी ठेवलं गेलं. तिथे बळीच्या वेदीच्या गोष्टी सांगणं मला सहन होत नाही.

मोहरचे कडे जरूर बघा. २१४ मीटर उंच आहेत आणि जुलैच्या मध्यापर्यंत पफिन दिसतात. पण ते वालुकाश्म आणि शेलचे, बरेनहून नवीन खडकाचे आहेत. ते पाहून बरेन पाहिल्यासारखं होत नाही. डब्लिनची बस भर दुपारी, ऐन गर्दीत तिथे पोचवते. त्यापेक्षा दोन रात्री काढा. कोरोफिनला किंवा बॅलीव्हॉनला मुक्काम करा, मे महिना धरा, सकाळी मलॅकमोर चढा, संध्याकाळी गर्दी पांगल्यावर कड्यांवर जा. आणि पोलनाब्रोनला आठवण म्हणून दगडावर दगड रचू नका. तिथला प्रत्येक सुटा दगड उचलला की त्याखालची चिमटीभर माती उघडी पडते.